गाव चार साखळ्यांनी आखडलं

ही गोष्ट कुणीही खरी मानणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. म्हणजे मागाहून नाकं मुरडायची तसदी नको. माझ्या तरुणपणी आमचं गाव आखडलं. लोकरीची बंडी धुतल्यावर आखडते ना, तस्सं. एक वीट पडली नाही, एक झाड जागचं हललं नाही, आणि तरी एकोणीस वर्षांत विहिरीपासून पुलापर्यंत अख्खं गाव चार साखळ्यांनी कमी भरलं. सरकारी दप्तरात नोंद आहे. म्हणजे होती. त्या दप्तराला वाळवी लागली.

"फार सोयीची वाळवी," नात म्हणाली.

आमची नात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सध्या घरातल्या माणसांवर हात साफ करते आहे. काल भाजी खारट झाली म्हणून तिने आपल्या आईची अर्धा तास उलटतपासणी घेतली आणि शेवटी मिठाच्या बरणीला दोषी ठरवलं.

"तू आधी ऐक," मी म्हटलं. "आणि हळू बोल. मावशी झोपलीय."

मावशी म्हणजे माझी मावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. वय वर्षं नव्वद, पहिल्यापासून आमच्याच घरात. खिडकीपाशी आरामखुर्चीत, मांडीवर विणकाम टाकून, डोळे मिटून पडली होती. आता मावशीने डोळे मिटले म्हणजे ती झोपली, असा काही नियम नाही. पण गोष्ट रंगात आली की माणसाला नियम आठवत नाहीत.

तर मावशीपासूनच सुरू करतो, कारण या सगळ्यात पणाला लागलं होतं ते तिचं नाव.

मावशी सतरा वर्षांची असताना चौकातल्या विहिरीपासून नदीवरच्या पुलापर्यंत धावली. औषधांच्या दुकानदाराने स्वतःचं घड्याळ हातात धरून वेळ लावली: चार मिनिटांना पाच सेकंद कमी. अंतर मोजलं माझ्या वडिलांनी. ते गावचे मोजणीदार. अंतर भरलं बरोबर पन्नास साखळ्या. तोवर गावात कुणी, अगदी पोस्टातला तो लांबटांग्यासुद्धा, पाच मिनिटांच्या आत पुलाला शिवला नव्हता. मावशी अशी धावली, अशी धावली, की तिची सावली तिच्यानंतर पुलावर पोचली. लोक सावलीसाठी ताटकळत उभे होते.

"आजोबा."

"बरं, सावली वगळ. बाकीचं लिहून घे."

आमच्या गावात आगीचा बंब ठेवायची एक इमारत होती आणि तिची रस्त्याकडची भिंत गावाने पराक्रमांसाठी राखून ठेवली होती. कुणी पुरात नदी पार केली, कुणी एकट्याने गाडीचं चाक उचललं, सगळं त्या भिंतीवर. मावशीचंही लागलं. निळ्या रंगात, वीतभर अक्षरांत: 'विहीर ते पूल, पन्नास साखळ्या, चार मिनिटांना पाच सेकंद कमी', आणि खाली तिचं नाव. पुढे ती टपाल वाटायच्या नोकरीत लागली आणि रोज सकाळी पिशवी खांद्याला लावून त्या भिंतीवरून जायची. वर बघायची नाही. पण तिथे आली की चाल मात्र बदलायची. मी पाहिलंय.

आता साखळी म्हणजे काय, ते सांगतो. जमीन मोजायची ती साखळी. शंभर लोखंडी कड्या, दोन टोकांना दोन पितळी मुठी, लांबी बावीस ढांगा. गावात ती एकच. कचेरीचा नियम असा की गावात कुठलंही नवं माप आलं तर ते या साखळीशी ताडून बघायचं. जुळलं तर शिक्का, नाही जुळलं तर नापास. हा नियम लक्षात ठेवा. यानेच पुढे आमचा घात केला.

कचेरीचं छप्पर गळकं होतं. लोखंड गंजेल म्हणून वडील रोज संध्याकाळी साखळी घरी आणायचे आणि सकाळी परत न्यायचे. आणि घरी होता आमचा बैल.

काय बैल होता! काळाकभिन्न. आई त्याच्या एका शिंगावर चादरी वाळत घालायची आणि दुसऱ्यावर आम्हा सगळ्यांचे सदरे. तो शिंकला की शेजारच्या आळीतले दिवे विझायचे आणि लोक म्हणायचे, झोपा आता, बैल शिंकला. दोरखंड तर त्याला शेवयांसारखे. शेवटी एका संध्याकाळी नाइलाज होऊन वडिलांनी स्वतःच्या हाताने त्याला सरकारी साखळीने बांधला, आणि मग तो रोजचाच रिवाज झाला.

आमच्या घरामागे होती बेकरी. उजाडता उजाडता भट्टीतून पाव बाहेर निघायचा आणि तो वास भिंतीवरून आमच्या अंगणात उतरायचा. झालं! बैलाची मान ताठ. डोळे मिटून, जिवाच्या आकांताने तो बेकरीकडे ओढ खायचा. साखळी तुटली नाही. जुनं लोखंड होतं, कुळवंत. पण कडी न् कडी केसभर उघडायची. कड्या शंभर. पुढचा हिशेब तुम्ही करा, मला चक्कर येते.

वडील दरवर्षी थंडीत गावाची मोजणी करायचे. पहिल्या वर्षी विहीर ते पूल पन्नास. मग पन्नासला थोडी कमी. मग एकोणपन्नास. पण मागचं पान उलटून पाहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मागचं पान उलटणं म्हणजे स्वतःवर संशय घेणं," असं ते म्हणायचे. "डोळे फसतात, साखळी फसत नाही." त्या घरात माझ्या शब्दाला नसेल एवढी किंमत त्या लोखंडाच्या शब्दाला होती.

मी चोवीस वर्षांचा झालो, वडील निवृत्त झाले आणि मोजणीदाराची गादी माझ्याकडे आली. त्याच सुमाराला कचेरीत दप्तराला एक नवी बाई आली. बाहेरगावची, चष्मेवाली, नाकासमोर चालणारी. तिने आल्या आल्या जे केलं ते एकोणीस वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं: सगळ्या वह्या टेबलावर एका रांगेत उघडल्या. बघता बघता तिचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"अहो मोजणीदार," ती म्हणाली, "तुमचं गाव दरवर्षी लहान होतंय. यंदा शेहेचाळीसच साखळ्या भरतंय."

बातमी फुटायला कितीसा वेळ लागणार? सायंकाळपर्यंत गावाची पाचावर धारण. बेकरीवाल्याला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "बघा! म्हणून पाव लहान होतोय! आणि मला बोल लावत होतात!" गल्लीत समोरासमोर राहणारे दोन सख्खे भाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांनी हिशेब केला की या वेगाने म्हातारपणी दोघं एकाच स्वयंपाकघरात येणार, तेव्हा आत्ताच गोड बोललेलं बरं. त्याच रात्री समेट झाला. शिंप्याने सगळ्यांचे कपडे आतून दुमडून ठेवले. काही लोक तर चौकातून तिरके चालायला लागले, उगाच धक्का नको म्हणून.

मग पुढे सरसावले विद्वान. शाळेतल्या इतिहासमास्तरांनी सभा घेतली. मास्तरांचं टक्कल गुळगुळीत आणि आवाज खर्जाचा. ते म्हणाले, "पूर्वीची माणसं मोठी होती! त्यांचे रस्ते मोठे, त्यांची मनं मोठी! आपण खुजे, म्हणून आपलं गावही खुजं!" लोकांना एकाच वेळी अभिमानही वाटला आणि अपमानही झाला, म्हणून टाळ्या दुप्पट पडल्या.

यावर नगरपालिकेचे सचिव उठले. बारीक अंगाचे, कडक इस्त्रीचे. ते म्हणाले, "मोठीबिठी काही नव्हती. थापाडी होती! शेहेचाळीसला पन्नास सांगायची. आपण आता प्रामाणिक झालोय, म्हणून खरा आकडा दिसतोय."

झाले दोन तट. मोठेवाले आणि थापाडेवाले. न्हाव्याच्या दुकानात तर अशी जुंपली की अर्धी दाढी झालेला एक मोठेवाला आणि अर्धी दाढी झालेला एक थापाडेवाला चौकात आठवडाभर तसेच फिरत होते. न्हाव्याने सांगितलं होतं, आधी भांडण मिटवा, मग उरलेला गाल घेऊन या. एकाला पूर्वज डोक्यावर घ्यायचे होते, दुसऱ्याला पायाखाली. पण साखळीकडे कुणी मान वळवून बघितलं नाही. जिने सगळं मोजायचं, तिला कोण मोजणार?

सचिवांनी पक्का बंदोबस्त म्हणून कारखान्यातून पोलादी टेप मागवली. आली. नियमाप्रमाणे साखळीशी ताडली, तर टेप आखूड! नापास. लाल चिठ्ठी बांधून कोठारात. दुसरी मागवली, पार दुसऱ्या दिशेच्या कारखान्यातून. तीही आखूड. तिसरी समुद्रापलीकडून. तीही.

"सगळे कारखानदार चोर," सचिव म्हणाले.

चौथा कारखानदार मात्र धोरणी होता. त्याने पत्र पाठवलं: 'आपल्याला नेमकी केवढी हवी, तेवढी दोरी पाठवावी.' आम्ही दोरी पाठवली. टेप आली, साखळीशी अशी जुळली की सचिवांच्या डोळ्यांत पाणी आलं. ठोकला शिक्का. त्या दिवसापासून आमचं अख्खं गाव बैलाच्या मानेने मोजलं जाऊ लागलं.

नवी टेप हातात आल्यावर सचिव थोडेच स्वस्थ बसणार? त्यांनी भिंत तपासायला समिती नेमली. नियम एक ओळीचा: आजच्या मापाला जे उतरेल तेच भिंतीवर राहील. पुरात नदी पार करणाऱ्याचं नाव पहिल्या दिवशी गेलं. तो आधीच वारला होता, त्याने काही हरकत घेतली नाही. मग मावशीचा नंबर लागला. विहीर ते पूल टेप लावली: शेहेचाळीस. सचिवांनी वहीत लिहिलं: 'चार साखळ्यांची लबाडी. शनिवारी दुपारी बारा वाजता चुना.'

मावशी तेव्हा छत्तीसची. चुनेवाला तयारीला म्हणून बुधवारीच बादली घेऊन आला तेव्हा ती भिंतीखाली स्टूल टाकून बसली होती. बरोबर नावाखाली. मांडीवर टपालाची पिशवी.

"ताई, जरा सरकता का?" चुनेवाला म्हणाला.

"तुझं पत्र आलंय, हे घे. आणि सरकणार नाही."

मी धावत गेलो. ती मला म्हणाली, "रोज याच रस्त्याने टपाल वाटते मी. रस्ता आखडला असता तर आधी माझ्या पायांना कळलं असतं. तू मोजणीदार ना? मग मोज. मला दया नकोय, अंतर हवंय."

आता आली का पंचाईत! साखळी घरी काय भोगते ते मला ठाऊक. पण ते बोलायचं म्हणजे वडिलांच्या एकोणीस वर्षांच्या वह्यांवर पाणी. मी घरी जाऊन नुसतं चाचरत म्हटलं, "बाबा, साखळी जरा... सैल तर नसेल झाली?" वडिलांनी ताट बाजूला सारलं. "माझी साखळी?" एवढेच दोन शब्द. मग छत्री उचलली आणि बाहेर. एकीकडे बाप, एकीकडे मावशी, मध्ये बैल, आणि बादलीत चुना भिजतोय.

शनिवार उजाडला. साडेअकराला सगळं गाव भिंतीसमोर. अर्ध्या दाढीवालेसुद्धा. मावशी स्टुलावर. वडील गर्दीच्या मागे, छत्रीवर हात टेकून. मी पुढे झालो. खाकरून आवाज काढला.

"मास्तर, गाव आखडलं म्हणता. सगळं आखडलं?"

"सगळं," मास्तर म्हणाले.

"मग साखळी का नाही आखडली? तीही याच गावात राहते."

मास्तरांनी टकलावरून हात फिरवला. "लोखंड आखडत नाही."

"आणि पूल कशाचा आहे?"

मास्तर पुलाकडे बघायला लागले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "लोखंडाचा!" आणि असा हशा पिकला की बंबाची घंटा आपोआप वाजली.

"हसू नका!" सचिव कडाडले. "आखडलं नाही, मग तेव्हाचे लोक खोटं बोलले. माझ्याकडे टेप आहे!"

"माझ्याकडे तीन आहेत," मी म्हटलं, आणि दप्तरवाल्या बाईंना खूण केली. त्यांनी कोठारातून लाल चिठ्ठ्या बांधलेल्या तिन्ही नापास टेपा आणल्या. रस्त्यावर शेजारी शेजारी पसरल्या. तिन्ही एकसारख्या. केसाचाही फरक नाही. तिन्हींच्या पुढे साखळी जवळजवळ दोन ढांगा लांब पडली होती, कोडग्यासारखी.

"ऐका," मी म्हटलं. "तीन दिशांचे तीन कारखाने. एकाने दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. तीन लबाड एकमेकांना न भेटता एकच थाप मारू शकत नाहीत. थापेचं असं असतं, ज्याची त्याची वेगळी. हे मी खात्रीने सांगतो, या धंद्यातला जाणकार म्हणून. तिघं वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकच सांगत असतील तर ते खरं असतं. मग समोर एकटा कितीही शिक्केवाला असो!"

कुणी काही बोलायच्या आत दप्तरवाल्या बाईंनी पहिल्या टेपेचं टोक विहिरीला लावलं. सगळं गाव मागोमाग. पुलापर्यंत पन्नास. दुसरी लावली, पन्नास. तिसऱ्या वेळी तर लोक ताल धरून मोजत होते, पोरंटोरं, म्हातारेकोतारे, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास... आणि पन्नासाव्याला मास्तर आणि सचिव एकमेकांच्या गळ्यात! पूर्वज मोठेही नव्हते आणि थापाडेही नव्हते. बिचारे नीट मोजत होते, एवढंच. दोघांची इतक्या दिवसांची मतं एका दुपारी गेली आणि दोघांना दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. ते दोघे भाऊ मात्र गल्ली पूर्वीएवढीच रुंद आहे असं कळताच जे रुसले ते आजतागायत. बेकरीवाल्याला दुसऱ्या दिवसापासून पाव मोठा करावा लागला.

सगळं गाव भिंतीपाशी परतलं, तरी मावशी स्टुलावरून उठली नव्हती. गर्दीतून वाट काढत माझे वडील आले. त्यांनी चुनेवाल्याची बादली पायाने बाजूला सारली, रंगाऱ्याकडून निळा रंग मागून घेतला, आणि स्वतःच्या हाताने 'पन्नास' हा शब्द पुन्हा गिरवला. मग मेहुणीकडे वळून म्हणाले, "तुझं अंतर बरोबर आहे. माझंच चुकत गेलं."

 मावशीने वर बघितलं, भिंतीकडे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मग वडील माझ्याकडे वळले. साखळी हातात तोलत म्हणाले, "पण एवढी ताणली कुणी?"

मी छाती काढून सांगितलं, "बैलाने!"

सचिव म्हणाले, "आणा त्या बैलाला समितीपुढे."

मी म्हटलं, "कालच विकला."

हा सूर्य, हा जयद्रथ! झाली गोष्ट. मी पाणी प्यायलो आणि नातीकडे बघितलं. एरवी या ठिकाणी लोक टाळ्या वाजवतात. नात मात्र पेन्सिल चावत बसली होती.

"आजोबा, एक शंका."

"विचार की."

"बैलाला साखळीने बांधलं कुणी म्हणालात?"

"माझ्या वडिलांनी. स्वतःच्या हाताने."

"रोज?"

"रोज!"

"मग त्या दिवशी त्यांनी तुम्हाला का विचारलं, ताणली कुणी म्हणून?"

मी पाण्याचा पेला पुन्हा तोंडाला लावला. तो रिकामा होता. तरी प्यायलो.

"विसरले असतील," मी म्हटलं. "वय झालं होतं."

"ज्याच्या शिंगावर चादरी वाळायच्या तो बैल विसरले? बरं, राहू दे. तुमचाच नियम घेऊ." तिने तीन बोटं वर केली. "एकमेकांना न भेटलेले तीन साक्षीदार सांगा, ज्यांनी हा बैल पाहिला."

"बेकरीवाला."

"वारला."

"माझी आई."

"वारली. कोण जिवंत आहे?"

मी खिडकीकडे न बघायचा खूप प्रयत्न केला. मान आपोआप तिकडे वळली. आरामखुर्चीत मावशीचे डोळे मिटलेले होते, पण विणकामाच्या सुया चालू होत्या. कधीपासून चालू होत्या, देव जाणे.

"मावशी," नात म्हणाली, "तुमच्या वेळी घरात बैल होता?"

"बैल?" मावशीने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "आमच्या घरात कोंबडीसुद्धा नव्हती गं. अंगणातल्या झाडाला झोपाळा होता, सरकारी साखळीचा, बापाच्या नकळत बांधलेला. उजाडलं रे उजाडलं की त्यावर बसून पावाच्या वासाकडे झोके घ्यायचा, नोकरीला लागला तरी उतरला नाही मेला. माझं नाव पुसायला काढणारा बैल तुझ्यासमोर बसलाय!"